हिवाळ्यात गाडी चालवताना: बर्फ, धुकं आणि थांबण्याचं गणित

गारठलेला

मंडळी, यंदाचा हिवाळा पहिल्यांदाच बर्फाच्या प्रदेशात काढायचा आहे आणि रोज गाडीने ये-जा आहे. गाडी चालवायला लागून बरीच वर्षं झाली, पाऊस, चिखल, घाट सगळं झालंय, पण बर्फावर चाक कधी ठेवलेलं नाही.

शोधाशोध केली तर सगळीकडे तीच यादी मिळते. हळू चालवा, अंतर ठेवा, दिवे लावा. अहो, पण हळू म्हणजे किती? अंतर म्हणजे किती? हे कोणी सांगत नाही.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल गिअरची, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी प्रणाली) असलेली. ओळखीच्यांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, फोर व्हील ड्राइव्ह घे आणि निर्धास्त हो. दुसरा म्हणतो, आहे तीच गाडी ठेव, टायर बदल. कोणाचं ऐकू? रस्ता नदीकाठाने जातो, त्यामुळे धुक्याबद्दलही लिहा.

निवांत_सारथी

दुसऱ्याचं ऐका. डोळे मिटून.

नेहमीच्या टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं. बर्फ नसला, रस्ता कोरडा असला तरी. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं आणि त्याच्या खाचांमध्ये आणखी बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. ही काही नवी चैन नाही. फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी असे टायर निघाले, तेही मुख्यतः न साफ केलेल्या बर्फाळ रस्त्यांसाठी.

विकत घेताना टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का बघा. नुसतं 'एम + एस' (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही. ते लिहायला कसलीही ठरलेली चाचणी लागत नाही, डोंगराच्या चिन्हासाठी बर्फावरची चाचणी पास व्हावी लागते. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी डोंगराचं चिन्ह असलेलेच टायर धरले जातात.

आणि चारही बदला. दोनच बदलून पैसे वाचवणारे भेटतील. पुढची दोन पकड घेतात, मागची दोन घेत नाहीत, मग वळणावर ब्रेक लागला की गाडीची शेपटी पुढे यायला बघते.

डोंगरी_गडी

निवांतराव, टायरचं मान्य. पण फोर व्हील ड्राइव्हला उगाच नावं ठेवू नका. चढावर बाकीच्या गाड्या आडव्या पडलेल्या असतात तेव्हा माझी शांतपणे वर जाते. डोंगरात राहणाऱ्यांना विचारा. साधी गाडी घेऊन अडकायचं आणि मग मदतीला हाका मारायच्या, यात कसली सुरक्षितता?

कुतूहल

डोंगरीभाऊ, वर जाते हे खरंच आहे. प्रश्न खाली येतानाचा आहे.

फोर व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटून देते, म्हणून गाडी सुटते, चढते. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांनाच असतात. थांबताना तुमच्या आणि गारठलेल्यांच्या गाडीत फरक फक्त टायरचा, आणि तुमची बहुधा वजनदार.

धागाकर्त्यांनी 'किती' विचारलंय, तर हिशेब मांडतो. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (दोन गुणिले घर्षणांक गुणिले गुरुत्वत्वरण). घर्षणांक म्हणजे रस्त्याची पकड किती, याचा आकडा. कोरड्या डांबरावर तो ०.७ च्या आसपास, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२, गुळगुळीत काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहून कमी.

ताशी ५० किमी वेग धरा. कोरड्यावर १४ मीटर. दाबलेल्या बर्फावर ४९ मीटर. काचेवर ९८ मीटर. यात ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ धरलेला नाही, एका सेकंदात आणखी १४ मीटर जातात.

आता वेग ३० करा. काचेवर तेच अंतर ३५ मीटरवर येतं. वेगाचा वर्ग आहे, त्यामुळे थोडा वेग कमी केला की पुष्कळ अंतर वाचतं. 'हळू म्हणजे किती' याचं माझं उत्तर: जेवढं समोर दिसतंय तेवढ्यात थांबता येईल इतकं.

उताराचं तर विचारूच नका. १०० मीटरला ५ मीटर उतरणारा रस्ता असेल आणि घर्षणांक ०.१, तर निम्मी पकड नुसती गाडी उतारावर धरून ठेवण्यातच जाते. थांबायचं अंतर दुप्पट. १०० ला १० मीटर उतार असेल तर गणितच संपलं, गाडी थांबतच नाही. मग ती दोन चाकांवर चालो, चार चाकांवर, नाहीतर बारा.

खोडसाळ

थोडक्यात, फोर व्हील ड्राइव्ह घेतली की आपण रस्त्यापासून जास्त लांब, जास्त आत खड्ड्यात जाऊन अडकतो. तिथे क्रेनवाल्यालाही पोचता येत नाही.

डोंगरी_गडी

@खोडसाळ, हसलो. 

@कुतूहल, उताराचा आकडा पटला. मी उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली आणतो ते अनुभवाने, कारण आज कळलं. तरीही माझं म्हणणं कायम आहे की योग्य टायर घालून फोर व्हील ड्राइव्ह असेल तर डोंगरात ती साध्या गाडीपेक्षा बरी. टायर आधी, हे लिहून देतो.

निवांत_सारथी

इथे भांडणच मिटलं. 

गारठलेले, अंतराचं उत्तर मीटरमध्ये डोक्यात ठेवू नका, चालवताना मीटर कोण मोजणार? सेकंदांत ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सावकाश आकडे मोजायला लागायचं, आपण त्याच खांबापाशी येईपर्यंत. कोरड्या रस्त्यावर दोन-तीन सेकंद चालतात. बर्फावर आठ ते दहा हवेत. मधल्या जागेत कोणीतरी घुसणारच, घुसू द्या, पुन्हा मागे व्हा.

कुतूहल

ताशी ५० ने आठ सेकंदांत १११ मीटर होतात. वर काढलेले ९८ आणि १४ मिळवून बघा, ११२. आठ-दहा सेकंद कोणी हवेतून काढलेले नाहीत.

रातराणी

माझं कामच रात्रीचं आहे, त्यामुळे पहाटे परतताना रस्ता सगळ्यात वाईट अवस्थेत भेटतो. पडलेल्या बर्फाला मी घाबरत नाही, तो दिसतो. भीती वाटते ती न दिसणाऱ्या थराची, ज्याला ब्लॅक आईस म्हणतात. तो काळा नसतो, पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं म्हणून काळा वाटतो.

ओळखायच्या खुणा सांगते. रस्ता ओला चकाकतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाहीये, तर ते पाणी नाही. चालता चालता टायरचा आवाज एकदम कमी झाला, स्टेअरिंग हलकं लागायला लागलं, तर तुम्ही त्याच्यावर आहात. तेव्हा काहीही करायचं नाही. ब्रेक नाही, वळवणं नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलायचा आणि पार होऊ द्यायचं.

जागा ठरलेल्या असतात. पूल आणि उड्डाणपूल सगळ्यात आधी गोठतात, कारण त्यांना खालून जमिनीची ऊब नसते, थंड हवा वरून आणि खालूनही लागते. अमेरिकेत पुलांआधी तशा पाट्याच लावतात. मग झाडांची सावली, डोंगराची सावलीची बाजू, आणि दुपारी वितळलेलं पाणी रस्ता ओलांडून वाहत जातं त्या जागा. रात्री तेच पाणी गोठतं.

आणि गाडीतल्या तापमानावर विसंबू नका. तो आकडा हवेचा असतो, रस्त्याचा नाही. निरभ्र रात्री रस्ता आपली उष्णता आकाशाकडे टाकतो आणि हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो. डॅशबोर्डवर ३ अंश दिसत असताना खाली बर्फ असू शकतो. बऱ्याच गाड्या ३ किंवा ४ अंशांनाच टुंग करून हिमकणाचं चिन्ह दाखवतात ते उगाच नाही.

मधली_सीट

रातराणीताई, मीठ टाकलेला रस्ता असेल तर?

रातराणी

मीठ असलं तर बरंच बरं, पण मिठाला मर्यादा आहे. साधं मीठ शून्याच्या थोडं खाली झटपट काम करतं. उणे १० च्या आसपास फार मंदावतं. कागदोपत्री मिठाचं पाणी उणे २१ पर्यंत न गोठता राहू शकतं, पण तेवढं दाट मिठाचं पाणी रस्त्यावर टिकवणार कोण? फार थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरतात नाहीतर नुसती वाळू टाकतात. वाळू बर्फ वितळवत नाही, फक्त खरखरीतपणा देते, आणि रहदारीने ती कडेला उडून जाते.

मीठ टाकणारी किंवा बर्फ ढकलणारी गाडी पुढे असेल तर तिच्या मागे राहा. ओव्हरटेक करू नका. तिच्या मागचा रस्ता साफ आहे, पुढचा नाही, एवढं साधं आहे. शिवाय तिच्या फाळाने उडालेल्या बर्फाच्या ढगात काही क्षण तुम्हाला काहीच दिसत नाही.

चाकोरी

गाडी घसरायला लागल्यावर काय करायचं, हे कोणी नीट लिहील का? 'घसरणीच्या दिशेने वळवा' हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकतेय, ऐन वेळी कुठली दिशा कोणाची, हे कळत नाही.

पाना_पक्कड

बरोबर आहे, ते वाक्य गोंधळात टाकणारंच आहे. मी गॅरेजवाला माणूस, माझ्याकडे घसरून झाल्यानंतरच्या गाड्या येतात. तरी सांगतो.

दोन प्रकार आहेत. पहिला, पुढची चाकं घसरतात. तुम्ही स्टेअरिंग वळवलंय आणि गाडी सरळच चाललीय. माणूस घाबरून आणखी वळवतो, तिथेच फसतो. चाकं जितकी आडवी, तितकी ती नुसती फरफटतात. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टेअरिंग किंचित सरळ करा आणि चाकं पुन्हा धरायची वाट बघा. वाट बघणं हे यातलं सगळ्यात अवघड काम.

दुसरा, मागची चाकं घसरतात आणि गाडी फिरायला लागते. इथे दिशेचा विचार करू नका. तुम्हाला जिथे जायचंय तिकडे बघा आणि तिकडे स्टेअरिंग न्या. हात नजरेमागे जातात. झाडाकडे बघाल तर झाडावर जाल. गाडी सरळ व्हायला लागली की लगेच स्टेअरिंगही परत आणा, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला झोका घेते, आणि तो दुसरा झोका पहिल्यापेक्षा जोरात असतो.

मॅन्युअल गाडीत दोन्ही वेळा क्लच दाबलात तर चाकं इंजिनाच्या ओढीतून सुटतात, धरायला सोपं जातं. निसरड्यावर गिअर धाडकन खाली टाकू नका, इंजिनाच्या ओढीनेसुद्धा चाकं अडकू शकतात. डोंगरीभाऊ उतारा*आधी* गिअर बदलतात ते म्हणूनच योग्य आहे.

एबीएस असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा. पायाखाली खडखडतं, पेडल थरथरतं, ते बिघडलेलं नाही, काम करतंय. खूप जण घाबरून पाय उचलतात. जुन्या गाडीत एबीएस नसेल तर मात्र दाब-सोड, दाब-सोड.

कुतूहल

एक भर. आजच्या प्रकारचं एबीएस १९७८ मध्ये मोटारींत आलं ते मुख्यतः ब्रेक लावतानाही गाडी वळवता यावी म्हणून. थांबायचं अंतर प्रत्येक वेळी कमी होईल असं नाही. ताज्या मोकळ्या बर्फात अडकलेलं चाक आपल्यापुढे बर्फाचा ढीग गोळा करतं आणि त्याने गाडी लवकर थांबते. एबीएस चाक अडकूच देत नाही, त्यामुळे तिथे अंतर उलट वाढतं.

घसरण सावरणारी ईएससी प्रणाली १९९५ मध्ये आली आणि आता युरोप-अमेरिकेत नव्या गाड्यांत सक्तीची आहे. चीज खरोखर चांगली आहे, एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करते. पण तिला वापरायला पकड हवी. ५० मीटर त्रिज्येचं वळण कोरड्यावर ताशी ६५ ने निघतं, काचेसारख्या बर्फावर २५ च्या वर निघत नाही. ४० ने शिरलात तर कुठलाही संगणक तुम्हाला त्या वळणावर ठेवू शकत नाही.

चाकोरी

'जिथे जायचंय तिकडे बघा.' हे कळलं. धन्यवाद पाना_पक्कड!

वाटसरू_विजेवर

विजेच्या गाडीवाल्यांसाठी दोन शब्द. ॲक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटरसारखी चालून ब्रेक लावते, ही सोय बर्फावर अंगाशी येऊ शकते. पाय झटकन उचलला तर मोटर जोडलेली चाकं एकदम ओढली जातात. सेटिंगमध्ये ते कमीत कमी ठेवा, नाहीतर पाय हळूहळू उचलायची सवय करा. बॅटरी थंड असेल तर ही ओढ सुरुवातीला कमी आणि नंतर जास्त लागते, तेही लक्षात ठेवा.

कडक थंडीत एका चार्जिंगमध्ये पल्ला बराच घटतो, केबिन गरम करण्यात खूप वीज जाते. निघायच्या आधी, प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करून घ्या. पुढे केबिनपेक्षा सीटचा हीटर स्वस्तात पडतो.

पाना_पक्कड

डिझेल-पेट्रोलवाल्यांनाही सांगून टाकतो, नंतर विसरेन.

बॅटरी जुनी असेल तर थंडीआधी तपासून घ्या. गोठणबिंदूखाली तिची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर चोंदतो, म्हणून थंड प्रदेशात हिवाळ्यात वेगळं डिझेल मिळतं. उन्हाळ्यात भरलेली टाकी घेऊन वर जाऊ नका.

टायरची हवा दर १० अंशांमागे साधारण दीड पीएसआय कमी होते. पहिल्या कडक थंडीत हवेचा दिवा पेटतो तो पंक्चरचाच असतो असं नाही. हवा भरा. हवा कमी ठेवली की बर्फात पकड वाढते, हे ऐकून साध्या रस्त्यावर तशी गाडी पळवू नका.

काचेवरचा बर्फ गरम पाण्याने काढायचा नाही, काच तडकते. आणि काच पूर्ण साफ करायची. समोर एक भोक पाडून त्यातून बघत निघालेले लोक मी पाहिलेत. छपरावरचा बर्फही काढा, पहिल्याच ब्रेकला तो सगळा पुढच्या काचेवर येतो, नाहीतर वेगात असताना उडून मागच्याच्या काचेवर. आतून काच धुरकटली तर हीटरबरोबर एसीही लावा, एसी हवेतला ओलावा काढतो, आणि हवा बाहेरची घ्या. आतलीच हवा फिरवत ठेवलीत तर तुमच्याच श्वासाने काच भरते.

रात्री कडक गोठण असेल तर सपाटीवर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये गाडी ठेवावी. ओलावा असला की ब्रेक चिकटून बसतात.

मधली_सीट

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. मुलांना फुगीर जाकीट घालून कार सीटमध्ये बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण तो जाकिटावर घट्ट असतो. धडकेत जाकीट चेपतं आणि पट्टा सैल होतो. जाकीट काढा, पट्टा अंगालगत आवळा आणि वरून पांघरूण किंवा तेच जाकीट उलटं घाला. मोठ्यांनाही हेच लागू.

गारठलेला

बापरे, हे तर सुचलंच नसतं. लिहा, लिहा. धुक्याचं राहिलंय.

रातराणी

धुक्यात पहिली चूक म्हणजे अप्पर. समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण प्रकाश थेंबांवरून आपल्याच डोळ्यात परततो. डिपर ठेवा, खाली लावलेले फॉग लाइट असतील तर ते लावा.

दुसरी, आपोआप लागणाऱ्या दिव्यांवर भरवसा. सेन्सर उजेड बघतो, धुकं बघत नाही. दिवसा धुक्यात तो म्हणतो, उजेड आहे. पुढे दिवसाचे बारीक दिवे चालू असतात आणि अनेक गाड्यांत तेव्हा मागे काहीच पेटलेलं नसतं. आपल्याला वाटतं दिवे लागलेत. हाताने लावा.

मागचा लाल फॉग लाइट खरं दाट धुकं असेल तरच लावा. जर्मनीत नियमच आहे, दृश्यता ५० मीटरच्या खाली गेली तरच, आणि तेव्हा वेगही ताशी ५० च्या आत. धुकं विरलं की बंद करा, नाहीतर मागच्याला तुमचा ब्रेक लाइट वेगळा कळतच नाही.

पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चिकटून जाणं सगळ्यांना सोयीचं वाटतं. ती गाडी जिथे जाईल तिथे तुम्ही. ती आदळली की तुम्हीही.

कुतूहल

याच्याशी जोडलेली एक गंमत आहे. १९९८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. सिम्युलेटरवर चित्र फिकं केलं की लोकांना आपण हळू चाललोय असं वाटायचं आणि ते वेग वाढवायचे. तेव्हापासून 'धुक्यात माणूस नकळत जोरात जातो' हे सगळीकडे सांगितलं जातं. पण २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की खरं धुकं सगळंच सारखं फिकं करत नाही, जवळचं स्पष्ट आणि लांबचं पुसट करतं. तसं धुकं दाखवल्यावर लोकांना वेग उलट जास्त वाटला आणि त्यांनी गाडी हळू केली. मला दुसरा प्रयोग जास्त पटतो. तात्पर्य काय, अंदाजावर जाऊ नका, स्पीडोमीटर बघा.

आडवाट

वेगाचं म्हणाल तर ११ डिसेंबर १९९० ला अमेरिकेत टेनेसीमधल्या इंटरस्टेट ७५ वर दाट धुक्यात ९९ गाड्या एकमेकींवर आदळल्या, १२ जण गेले. त्यानंतर तिथे धुकं ओळखणारे सेन्सर, बदलणारी वेगमर्यादा आणि रस्ताच बंद करायची सोय केली. म्हणजे यंत्रणेने काय शिकलं बघा, एका टोकाला रस्ता बंद.

माझं मत थोडं वेगळं आहे या धाग्यावर. सगळे 'कसं चालवायचं' सांगताय. 'न निघणं' हा पर्याय कोणी लिहिलेलाच नाही. गोठणारा पाऊस पडत असेल, म्हणजे जमिनीवर पडता पडता बर्फ होणारा पाऊस, तर त्यावर हिवाळी टायरही फारसं काही करू शकत नाही. तेव्हा किल्ली खुंटीला.

आणि गमतीचं सांगतो. एस्टोनियात कडक हिवाळ्यात समुद्र गोठला की बेटांपर्यंत बर्फावरून अधिकृत रस्ता उघडतात. तिथे नियम उलटे आहेत, सीटबेल्ट लावायचा नाही, कारण बर्फ फुटला तर झटकन बाहेर पडता यावं. आणि ताशी २५ च्या खाली किंवा ४० ते ७० मध्ये चालवायचं, मधला वेग नको. गाडीच्या वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते, आणि त्या मधल्या वेगात गाडी तिच्याबरोबरच जात राहिली तर बर्फ तडकू शकतो.

खोडसाळ

'सीटबेल्ट लावायचा नाही' एवढंच वाचून कोणीतरी निघणार बघा.

आडवाट

फक्त गोठलेल्या समुद्रावर! रस्त्यावर लावा हो.

डोंगरी_गडी

अडकल्यावर काय, हे मी लिहितो, या बाबतीत माझा अधिकार आहे.

चाक नुसतं फिरत असेल तर थांबा. फिरवत राहिलात की खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि चाक त्या गुळगुळीत खळग्यात बसतं. चाकापुढचा-मागचा बर्फ फावड्याने काढा, वाळू नाहीतर गाडीतलं पायपुसणं चाकाखाली द्या, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक नुसतं फिरायला लागलं की ताकद कमी करणारी प्रणाली) तेवढ्यापुरतं बंद करा आणि दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हलक्या पायाने पुढे-मागे झुलवत काढा.

नाहीच निघाली आणि बर्फ पडतोय, तर गाडी सोडून चालत निघू नका. वादळात काही पावलांवरची गाडीसुद्धा पुन्हा सापडत नाही. गाडी आडोसा आहे आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा लवकर दिसते. अँटेनाला किंवा आरशाला रंगीत फडकं बांधा.

इंजिन सतत चालू ठेवू नका. तासाला दहाएक मिनिटं पुरे. आणि प्रत्येक वेळी सुरू करायच्या आधी खाली उतरून सायलेन्सरची नळी बर्फाने बुजली नाहीये ना, हे बघा. बुजली असेल तर धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी नावाच्या डोंगरावरच्या गावाच्या रस्त्यावर बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून जास्त लोक गेले, तेव्हा थंडीबरोबर या वायूचंही नाव पुढे आलं होतं. वारा येतोय त्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, थंडी वाजली तरी.

डिकीत फावडं, काच खरवडायची पट्टी, टॉर्च, पांघरुणं, पाणी, खायला काहीतरी, फोनचा चार्जर. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

चाकोरी

पांघरूण डिकीत नको, गाडीच्या आत ठेवा. डिकी गोठून बसली तर उघडत नाही. हे माझ्या शेजाऱ्यांचं झालंय.

डोंगरी_गडी

बरोबर. फावडंही आतच घ्या मग.

गारठलेला

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. चारही टायर हिमकणवाले मागवले. फोर व्हील ड्राइव्हचा विषय बंद. (डोंगरीभाऊ, राग नको.)

शेवटचे दोन प्रश्न. सराव कुठे करायचा? आणि साखळ्या घेऊ का? घेतल्या तर कुठल्या चाकांना?

निवांत_सारथी

मोकळं, रिकामं मैदान किंवा पार्किंग शोधा, जिथे खांब, दगडी कडा, माणसं नाहीत आणि परवानगी आहे. ताशी २० च्या वेगाने ब्रेक पूर्ण दाबा, एबीएसची थरथर पायाला ओळखीची होऊ द्या. मग वळताना ब्रेक. मग वळताना थोडा जास्त ॲक्सिलरेटर. स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमध्ये लायसन्स घेताना निसरड्या रस्त्याचं प्रशिक्षण असतंच. तुम्ही जाताय तिथे तसा ट्रॅक असेल तर एक सकाळ तिथे घालवा, मैदानापेक्षा कितीतरी चांगलं.

पाना_पक्कड

साखळ्या घ्या, रस्ता डोंगरातून जात असेल तर. काही घाटांत त्या नसतील तर पुढे सोडतच नाहीत. तुमच्या गाडीला पुढच्या चाकांना लागतील, जी चाकं ओढतात त्यांना. टायरच्या कडेवर लिहिलेल्या मापाच्याच घ्या आणि गाडीच्या पुस्तकात साखळीला परवानगी आहे का ते बघा, काही गाड्यांत चाक आणि सस्पेन्शन यांच्यात तेवढी जागा नसते.

घरी, कोरड्यात, उजेडात एकदा बसवून बघा. पहिल्यांदा बसवायची वेळ अंधारात, गुडघाभर बर्फात आणि बधिर बोटांनी यायला नको. बसवल्यावर थोडं अंतर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा, त्या हमखास सैल होतात. ताशी ५० च्या वर जाऊ नका आणि डांबर दिसायला लागलं की काढा, नाहीतर साखळीही तुटते आणि टायरही जातो. हातमोजे रबरी घ्या, लोकरीचे ओले होऊन बसतात.

गारठलेला

रबरी हातमोजे यादीत टाकले. रविवारी अंगणात साखळ्या बसवून बघतो, अडलो तर इथेच विचारेन.

पाना_पक्कड

विचारा. हुक आतल्या बाजूला आधी लागतो, मग बाहेरचा. बहुतेक जण तिथेच अडतात.